चौदा वर्षांची कुजबुज

बारकूअप्पांच्या हातात माइक दिला, तिथंच सगळा घोटाळा झाला. अहो, ज्या माणसानं लग्नातला उखाणासुद्धा भिंतीकडे तोंड करून घेतला, त्याच्या हातात माइक देतं का कोणी? पण सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या त्या धाग्याच्या कंपनीत रीतच तशी होती. कामगार रिटायर झाला की कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडायच्या, शाल-श्रीफळ द्यायचं, समोसा-बर्फीची बशी हातात ठेवायची आणि साहेबांनी विचारायचं, "आता पुढं काय करणार?" बहुतेक जण "बघू, तुमच्या आशीर्वादानं" असं काहीतरी पुटपुटून खाली बसत.

चौऱ्याण्णव सालच्या तीस एप्रिलला बारकूअप्पांची पाळी आली. प्रमोद साहेब नाशिकचे, बोलायला गोड. त्यांनी विचारलं आणि अप्पांनी माइक असा धरला, जसा काही तो हातातून निसटून मशीनमध्ये जाणार होता.

"साहेब, काहीच करणार नाही," अप्पा म्हणाले. "चौदा वर्षं रात्रपाळी केली. मशीनच्या घरघरीनं डोकं पिकलं. पण माझं घर म्हणजे देऊळ आहे, देऊळ! कधी भरदुपारी आमच्या आमलीत या. टाचणी पडली तरी ऐकू येईल. देवानं मला असं शांत घर दिलं, त्यात आता नुसतं गप बसून राहणार. शेवटपर्यंत."

काय टाळ्या पडल्या! गुजराती पोरं "वाह काका, वाह!" करून ओरडली. प्रमोद साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला. आणि पहिल्या रांगेत, नवी हिरवी साडी नेसून, मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या मंजुळाबाईंच्या घशात बर्फीचा तुकडा अडकला.

देवानं दिलं म्हणे! अहो, देव काय आमलीच्या चाळीत भांड्यांखाली फडकी घालायला आला होता?

आता ही शांतता कुठून आली ते सांगायलाच हवं. धुळ्याच्या गिरणीतलं काम सुटल्यावर ऐंशी साली बारकूअप्पा बायको आणि पोराला घेऊन सिल्वासाला, आमलीच्या चाळीत राहायला आले. कंपनीत रात्रपाळी मिळाली. रात्री साहेबलोकांची कटकट नसते, मशीन भलं नि आपण भलं, म्हणून अप्पांना ती आवडली आणि त्यांनी ती कायमचीच मागून घेतली. सकाळी आठला घरी यायचं, भाकरी खाऊन नऊला झोपायचं, चारला उठून चहा घेऊन मारुतीच्या पारावर खानदेशातल्या गाववाल्यांत जाऊन बसायचं. पहिल्याच आठवड्यात पोराच्या, नवनाथच्या, हातून बादली पडली. अप्पा दचकून उठले नि ओरडले, "झोपू द्या रे! रात्री डोळा लागला तर मशीनमध्ये हात जाईल माझा!"

बस. तेवढं एक वाक्य. त्याच महिन्यात चाळीतल्या एका माणसाची दोन बोटं गेली होती, दुसऱ्याच कुठल्या कारखान्यात. मंजुळाबाईंनी त्या माणसाचा पट्टी बांधलेला हात पाहिला आणि त्या दिवसापासून घराचं तोंड शिवून टाकलं.

जुन्या लुगड्याची एक लाल चिंधी फाडून त्यांनी कडीला बांधली. चिंधी लोंबत असली की अप्पा झोपलेत. मग पाटाखाली फडकं, कडीला फडकं, बादलीच्या कानाला फडकं. कुकरची शिट्टी वाजायच्या आत उचलायची, त्यात दोनदा हात भाजला. पाटा-वरवंटा शेजारच्या बायडाबाईच्या दारी नेऊन ठेवला. चटणी तिकडे जाऊन वाटायची. कोंबड्या होत्या त्या देऊन टाकल्या. हातातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून दोऱ्यानं बांधायच्या, म्हणजे किणकिण नको. भंगारवाला, कुल्फीवाला, कपबशीवाली, सगळ्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठून हात जोडून सांगितलं. कोणी ऐकलं नाही तर मंजुळाबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून अशा उभ्या राहत, की तो माणूस मुकाट्यानं पुढची गल्ली धरी. हीच बायडाबाई, जिचा साधा "काय गं" सुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जायचा, तीही मंजुळाबाईंशी हातवारे करून बोलायला शिकली.

आणि रोज सकाळी अप्पा दारात आले, की मंजुळाबाई आधी चपला नाही, चेहरा नाही, त्यांचे हात बघायच्या. दहा बोटं मोजून झाली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

नवनाथ असा कुजबुजत मोठा झाला. त्याची बायको चंदा घरात आली ती आठ दिवसांत कुजबुजायला लागली. त्यांची सोनम तर जन्मालाच कुजबुजत आली म्हणा ना! चार वर्षांची पोर, पण गोळ्या मागायच्या तर कानाशी येऊन मागायची. मार्चमध्ये बालवाडीच्या अलकाबाईंनी चंदाला बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे हो, कविता सगळ्या पाठ आहेत. पण म्हणते माझ्या कानात." हे ऐकून चंदा हसली. मंजुळाबाई नाही हसल्या. 

कारण ही बाई मुळात कोण होती ते चंदाला काय माहीत? साक्रीकडच्या त्यांच्या माहेरी आखाजीला लिंबाला झोके बांधले, की पहिलं गाणं मंजुळेचं. अक्षय तृतीयेला बाकीचा महाराष्ट्र आमरस खाऊन झोपत असेल. खानदेशातल्या बाया त्या दिवशी झोक्यावर चढतात आणि माहेर-सासरचं जे काही पोटात साठलंय ते गाण्यातून गावाला ऐकवतात. मंजुळेचा आवाज नाल्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचा. तिकडच्या बाया इकडं उत्तर द्यायच्या. सिल्वासात आल्यापासून चौदा आखाज्या गेल्या. कंपनीत आखाजीची सुट्टी नसते, त्यामुळे माहेरी जाणं नाही. चाळीच्या मागं लिंब होता, चांगला फांदीदार, पण तो नेमका अप्पांच्या डोक्याशी, खिडकीला लागून.

म्हणून मंजुळाबाईंनी मनाशी ठरवलं होतं: यंदा तीस एप्रिलला नोकरी संपते, तेरा मेला आखाजी आहे. झोका बांधायचा. चाळीतल्या नि मागच्या गल्लीतल्या खानदेशातल्या सगळ्या बायांना त्यांनी कुजबुजत आवतण देऊनही टाकलं होतं. चांगला जाड दोर आणून पत्र्याच्या पेटीत, शालूखाली लपवून ठेवला होता. रामाला वनवास चौदा वर्षांचा. यांनाही चौदाच झाली होती, नि आता अयोध्या दिसायला लागली होती. आणि इकडं हे गृहस्थ माइकवर सांगतात, शेवटपर्यंत गप बसणार!

घरी आल्यावर जो तो अप्पांना सल्ला द्यायला लागला. नवनाथ म्हणाला, "अप्पा, सायकल रिपेरिंगचं दुकान टाकू." प्रमोद साहेबांचा निरोप आला, दिवसा दोन तास येऊन नव्या पोरांना मशीन शिकवा. पारावरचे म्हणाले, गावी चला, शेतात खोपटं टाका. अप्पांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "मला कायबी करायचं नाही. मला शांतता पाहिजे." कंपनीनं भेट दिलेलं भिंतीवरचं घड्याळ दर तासाला गाणं वाजवायचं. अप्पांनी पहिल्याच दिवशी त्याचा सेल काढून ठेवला.

मंजुळाबाई मात्र चमकल्या त्या दुसऱ्या दिवशी. सकाळी दहाला त्यांनी पाहिलं तर अप्पा स्वतःच्या हातानं कडीला लाल चिंधी बांधत होते.

"अहो, आता कशाला?" त्या म्हणाल्या. "आता तर तुम्ही रात्री झोपलात ना?"

अप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. "शू!"

बघा म्हणजे! ज्या बाईनं चौदा वर्षं आख्ख्या चाळीला शू केलं, तिला तिच्याच दारात शू! मंजुळाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तरातरा स्वयंपाकघरात आल्या, फळीवरचं पितळी ताट उचललं, दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं, जमिनीवर आपटायचंच म्हणून. आणि काय झालं? हातांनी ते ताट हळूच, फडक्यावर, आवाज न करता ठेवून दिलं. मन एकीकडं ओढतंय आणि हात दुसरीकडं! त्या आपल्याच हातांकडं बघत राहिल्या.

आठवडा असा गेला. अप्पा खुर्चीत बसत, डोळे मिटत, उघडत, कानात करंगळी घालून हलवत, पुन्हा मिटत. चेहऱ्यावर आराम काही दिसेना. कशावरून तरी चिडत. भाजीत मीठ कमी, पंखा जोरात, चप्पल वाकडी. मंजुळाबाईंनी दोनदा झोक्याचा विषय काढला. दोन्ही वेळा "शू!"

आखाजी चार दिवसांवर आली. मंजुळाबाई सकाळी अंघोळ करून, हिरवी साडी नेसून, पिशव्या घेऊन अप्पांसमोर उभ्या राहिल्या.

"मी, चंदा नि सोनम खानवेलच्या बाजाराला चाललो. संध्याकाळच्या बसनं येऊ. भाकरी टोपल्यात आहे, पिठलं झाकलंय."

"आज काय आहे?"

"माझी सीएल आहे," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुमच्या कंपनीत वर्षाला सात मिळायच्या ना? माझ्या चौदा वर्षांच्या किती झाल्या त्या तुम्हीच मोजा. आज एक घेते."

आणि जाताना दाराच्या कडीची लाल चिंधी सोडून त्यांनी कमरेला खोचली.

खानवेलच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, मध्येच वारली लोकांच्या कुडाच्या झोपड्या, बायांच्या डोक्यावर करवंदांच्या पाट्या. बस खडखडत होती, कंडक्टर गुजरातीत कोणाशी तरी भांडत होता, मागं एक बकरी ओरडत होती आणि मंजुळाबाईंना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सोनम मात्र त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजली, "आजी, बकरीला सांग ना, अप्पा झोपलेत."

मंजुळाबाईंनी पोरीला घट्ट जवळ घेतलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. ही आपली कमाई, त्यांना वाटलं. नवऱ्याची बोटं वाचवली आणि नातीचा आवाज घालवला.

बाजारात आखाजीची घागर घेतली, आंबे घ्यायला गेल्या. "कसे दिले?" आंबेवाल्यानं कानामागं हात धरला. "काय म्हणता, बाई?" त्यांनी पुन्हा विचारलं. "मोठ्यानं बोला की!" तिसऱ्यांदा त्यांनी जीव एकवटला; मानेच्या शिरा ताणल्या, तोंडातून आली ती नुसती हवा. शेवटी चंदानं मध्ये पडून भाव केला. मंजुळाबाई दोन पावलं मागं सरकल्या. एवढे दिवस त्यांना वाटत होतं, आवाज आहे, आपण आत दाबून ठेवलाय, झाकण काढलं की येईल वर. आता आत काही उरलंय की नाही तेच कळेना. झोका बांधला, बाया जमल्या आणि तोंडातून काही निघालंच नाही तर?

इकडं आमलीत काय झालं ते बायडाबाईनं संध्याकाळी, दोन्ही हात आणि एक चमचा नाचवत, सांगितलं ते असं.

चिंधी नाही, मंजुळाबाई नाही, हे साऱ्या गल्लीला दहा मिनिटांत कळलं. भंगारवाला आधी आला. तो चौदा वर्षांनी पहिल्यांदा त्या गल्लीत पूर्ण आवाजात ओरडला आणि इतका खूश झाला की पुन्हा एकदा चक्कर मारून गेला. मागोमाग कुल्फीवाल्याची घंटा. मग समोरच्या घरचा रेडिओ. कोणाचे तरी कुकर एकापाठोपाठ शिट्ट्या देऊ लागले. पोरांनी डबे घेतले. बायडाबाईनं तर आपल्या दारातला मंजुळाबाईंचा वरवंटा घेऊन मुद्दाम जोरात मिरची वाटली. हे तिनंच कबूल केलं. अप्पा लुंगी सावरत बाहेर आले.

"बायडाबाई, आज काय आहे? कोणाचं लग्न निघालं?"

"कुठलं लग्न, अप्पा? रोजचंच हाये हे."

"रोजचं? खोटं कशाला बोलता? चौदा वर्षं मी इथं झोपतो. पान हलत नाही."

"व माय!" बायडाबाई म्हणाली. "पान हलतंय हो. तुमची बायको त्याला धरून उभी ऱ्हायची!"

आणि मग तिनं सगळं सांगितलं. फडकी, कोंबड्या, कुकर, बांगड्यांचा दोरा. अप्पा उंबऱ्यावर बसले. बायडाबाई सांगते की त्यांनी एकदाही "शू" केलं नाही. नंतर बराच वेळ घरातून भांड्यांचा आवाज येत राहिला. ते म्हणे एकेक भांडं उचलून त्याच्याखालचं फडकं बघत होते.

संध्याकाळी मंजुळाबाई घागर घेऊन दारात आल्या, तेव्हा अप्पा उंबऱ्यावरच होते. चहा केलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा केलेला, त्यामुळे साखर दुप्पट.

"मला सांगितलं का नाहीस?" अप्पांनी विचारलं.

"सांगणार कधी?" मंजुळाबाई म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात."

अप्पांनी चहाची कपबशी पुढं सरकवली. मंजुळाबाई मात्र आता थांबेनात. आवाज तोच, दबलेला, पण शब्द धडाधड येत होते. "देवानं दिलं म्हणालात! चारशे माणसांसमोर! मी तिथं नारळ घेऊन बसलेली. माझं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का? चौदा वर्षं माझ्या घरात मी कुणाला मोठ्यानं हाक मारली नाही. पोरगं कुजबुजत वाढलं, नात कुजबुजते. मला वाटलं, एकदा तुम्ही रिटायर झालात की माझी ही गप बसायची ड्यूटी संपली. आणि तुम्ही? तुम्ही ती जन्माची करून ठेवलीत! मला गायचंय, अहो. मला आखाजीला झोक्यावर बसून गायचंय. आणि आता आवाजच नाही राहिला माझा. आज आंबेवाल्याला ऐकू गेला नाही."

त्यांना रडू आलं. तेही आवाज न करता.

अप्पांनी त्यांच्या हातातली घागर घेऊन खाली ठेवली. मग म्हणाले, "तुला एक सांगू? मारशील मला."

"काय?"

"आज दुपारी मी तीन तास झोपलो. गाढ. आठ दिवसांत पहिल्यांदा."

"त्या गोंगाटात?"

"गोंगाटात म्हणूनच. गप असलं ना, की माझ्या कानात मशीन चालू होतं. घूं, घूं, घूं. रिटायर झाल्यापासून बंदच होत नाही. आज तो भंगारवाला आला, रेडिओ लागला, बायडाबाई वरवंटा आपटायला लागली; कानातलं मशीन कुठल्या कुठं गेलं! तुझी फडकी बघून झाल्यावर टेकलो तो खुर्चीतच घोरलो."

मंजुळाबाईंनी डोळे पुसायला पदर उचलला होता, तो तसाच हातात राहिला. "म्हणजे... मी चौदा वर्षं... कुकर... माझ्या कोंबड्या!"  त्यांनी कमरेची चिंधी काढून अप्पांच्या अंगावर फेकली. मग काय झालं कोण जाणे, त्यांना हसू फुटलं. खांदे गदागदा हलायला लागले. अप्पाही हसायला लागले. चंदा नि सोनम दारात उभ्या राहून या दोघांकडं बघत राहिल्या.

हसू ओसरल्यावर अप्पांनी आपले दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. "पण हे बघ. दहाच्या दहा आहेत. हे तुझ्यामुळंच, कोणी काही म्हणो." मग तोच हात डोक्यामागं नेऊन खाजवत त्यांनी विचारलं, "आता मी दिवसभर करू काय, ते तूच सांग. माझं मी ठरवलं ते चुकलं."

मंजुळाबाईंनी उठून पत्र्याच्या पेटीतला दोर काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

कामगार माणूस तो! काम मिळाल्याबरोबर अप्पांचा चेहरा असा खुलला, की जसं काही प्रमोशन मिळालं. दुसऱ्या दिवशी लिंबावर चढून त्यांनी फांदी ठोकून पाहिली, दोराला अशी गाठ मारली की मशीनचा पट्टा लाजावा, मग स्वतः लोंबकळून पाहिलं, मग नवनाथला लोंबकळायला लावलं. वरवंटा बायडाबाईकडून परत आणला. भिंतीवरच्या घड्याळात सेल घातला. आणि रोज दुपारी एक वाजता, ज्या वेळेला चौदा वर्षं त्या घरात माशी उडाली नव्हती, त्या वेळेला अप्पा अंगणात बसून खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायला लागले. गल्लीत आवाज घुमायचा. पुढची दोनेक वर्षं चाळीत कोणाला चटणी विकत आणावी लागली नाही.

तेरा मे उजाडला. घागरी भरल्या, पुरणाच्या पोळ्या झाल्या, आमरस झाला. दुपार कलल्यावर लिंबाखाली बाया जमल्या. वीसेक तरी असतील. सगळ्यांना मंजुळाबाईंच्या माहेरच्या आवाजाची गोष्ट माहीत होती. बायडाबाईनं ती महिनाभर पसरवली होती, तिला थांबवणार कोण? मंजुळाबाई झोक्यावर बसल्या. बांगड्यांचा दोरा त्यांनी सकाळीच तोडून टाकला होता. चंदानं झोका दिला. झोका मागं गेला, पुढं आला आणि मंजुळाबाईंनी तोंड उघडलं.

कुजबुज.

बायांनी माना पुढं केल्या. झोका पुन्हा मागं गेला, पुढं आला. ओठ हलले, शब्द होते, चालही होती, पण सगळं सोनमनं कानात सांगावं तसं. बायडाबाईचा चेहरा पडला. मंजुळाबाईंचे पाय जमिनीकडं यायला लागले. उतरावं आणि घरात जाऊन दार लावून घ्यावं, असं त्यांना झालं.

"ऐकू येत नाही!"

सगळ्या बाया वळल्या. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नसतं. पण खिडकीत अप्पा उभे होते, कानामागं हात धरून. चौदा वर्षं मशीनच्या घरघरीवरून चार मशीनपलीकडच्या माणसाला हाक मारायचा त्यांचा आवाज, तो त्यांनी तस्साच्या तस्सा सोडला होता.

"मंजुळा! आवाज वाढव! मशीन चालू आहे इकडं, काही ऐकू येत नाही!"

आता चारचौघींत नवऱ्यानं असं नावानं ओरडायचं म्हणजे काय लाज! बाया तोंडाला पदर लावून खिदळल्या. मंजुळाबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतका राग आला त्यांना, आणि इतकं हसू आलं, की दोन्ही एकदम घशात आलं आणि मधला तो बोळा निघाला. पहिला सूर फाटका आला. दुसरा खरखरीत. तिसऱ्या झोक्याला मात्र, माय गं! पत्र्यावरचे कावळे उडाले.

त्यांनी गाण्यात काय काय नाही घातलं! खडोलीची कंपनी घातली, रात्रपाळी घातली, बिनशिट्टीचा कुकर आणि मुकी बादली घातली, माइकवर देवाचं नाव घेणारा नवरा घातला. बाया ओळ धरून मागोमाग म्हणायला लागल्या. मागच्या गल्लीतून कोणीतरी उत्तर दिलं. सोनम आधी चंदाच्या पदरामागं होती, ती बाहेर आली, टाळ्या पिटायला लागली आणि कोणाच्याही कानाशी न जाता ओरडली, "आजी, अजून!"

या सगळ्यात एकटी रजनी गप उभी होती. रजनी म्हणजे चाळीतल्या शेवटच्या खोलीतली, दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली पोर. तिचा नवरा गोकुळ रात्रपाळीला जायचा. तिच्या दाराच्या कडीला लाल चिंधी होती, आणि ती चिंधी मंजुळाबाईंनीच स्वतःच्या हातानं फाडून दिली होती. बांगड्या वर कशा बांधायच्या तेही शिकवलं होतं. आता ती पोर एक डोळा झोक्यावर नि एक डोळा आपल्या दारावर ठेवून, ओढणीचं टोक चावत होती.

मंजुळाबाईंचं तिच्याकडं लक्ष गेलं आणि त्यांनी पाय टेकून झोका थांबवला. गाणं थांबलं. एकदम सगळं शांत झालं.

"जा, बघून ये त्याला," त्या म्हणाल्या.

रजनी धावत गेली. दार हळूच लोटून आत डोकावली. परत आली ती तोंडावर हात दाबून.

"काय गं? उठला का?"

"घोरतायत, मावशी," रजनी म्हणाली. "तुमच्यापेक्षा मोठ्यानं."

जो हशा पिकला! मंजुळाबाईंनी तिचा हात धरून तिला झोक्यावर बसवलं, तिच्या बांगड्यांचा दोरा दातानं तोडला आणि बांगड्या खळकन मनगटावर आल्या.

"ऐक माझं," त्या म्हणाल्या. "तो उठला की आधी त्याला विचार, तुला आवाजाचा त्रास होतो का. आजच विचार. मी विचारलंच नाही. चौदा वर्षं थांबू नकोस."

रजनीनं मान हलवली. मंजुळाबाईंनी दोर धरून झोका मागं ओढला आणि सोडला. पोरीनं डोळे मिटून गाणं सुरू केलं, अगदी हळू, ओठातल्या ओठात.

आणि खिडकीतून रिटायर झालेले बारकूअप्पा, कानामागं हात धरून, पुन्हा ओरडले, "ऐकू येत नाही!"